उकिरड्याची दैना

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची आपल्याकडे चाल आहे. मग रात्र सरता सरता, कुणी मध्यरात्री तर कुणी पहाटे, घरातला केर सुपात भरायचा आणि सूप वाजवीत तो उंबरठ्याबाहेर नेऊन टाकायचा. अलक्ष्मी गेली, लक्ष्मीला वाट मोकळी झाली. या चालीत मोठे शहाणपण आहे यात शंका नाही. परंतु एक प्रश्न तीत अनुत्तरित राहतो. आपल्या दारातून निघालेली ही अलक्ष्मी जाते कुठे? खेडेगावात त्याचे उत्तर सोपे होते. ती घरामागच्या उकिरड्यावर जाई, तेथे वर्षभर कुजे आणि पुढच्या पेरणीआधी खत होऊन शेतात जाई. म्हणजे जिला वाजतगाजत हाकलली तीच वेष पालटून धान्याच्या रूपाने घरी येई. शहराला शेत नाही. शहराची अलक्ष्मी गाड्यांत बसून निघते आणि ज्या लोकांना ‘नको’ म्हणण्याची सोय नसते, त्यांच्या शेजारी कायमचा मुक्काम ठोकते.

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाच्या बाबतीत ती किती खरी ठरते, हे ज्याचे त्याने पाहावे. पण मुंबईत अशी एक जागा आहे, की जिथे ती अगदी अक्षरशः खरी ठरली. शीवहून वांद्र्याकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर, धारावीच्या बस-आगारासमोर, मिठी नदीच्या काठी सदतीस एकरांचे एक रान उभे आहे. ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ हे त्याचे कागदोपत्री नाव. माहीमचे निसर्ग उद्यान म्हणूनही लोक त्याला ओळखतात. १९७७ सालापर्यंत येथे शहराचा कचरा पडत होता. आज तेथे वड, उंबर, करंज, बहावा, ताम्हण अशी झाडे दाटीने उभी आहेत आणि शंभरांहून अधिक जातींच्या पक्ष्यांची तेथे नोंद झालेली आहे. हे रान कसे झाले, तेथे माणसे कशी येऊ लागली, आणि त्यांच्या येण्यावर त्या रानाचे आयुष्य कसे टांगलेले आहे, तेवढे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम जागेची कुळकथा पाहू. मिठी नदी विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघते आणि अठराएक किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. या खाडीच्या काठी तिवरांची दाट वने होती आणि त्यांच्या आश्रयाने कोळ्यांची वस्ती होती. धारावीचा कोळीवाडा हा मुंबईच्या जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. खाडीवर लक्ष ठेवण्यासाठी इंग्रजांनी तेथे एक लहानसा किल्ला बांधला. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. १७३७ साली गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकुमाने तो बांधल्याचे त्यावरील लेखात कोरले आहे. मौज अशी, की त्याच १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली. तेव्हापासून १७७४ पर्यंत या खाडीच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे मराठ्यांचा, असा प्रकार होता. आज ज्या पुलांवरून आपण बसच्या खिडकीत पेंगत जातो, तेथे एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती!

सरहद्दीवरच्या जमिनीला नेहमीच सावत्रपणाची वागणूक मिळते. शहर वाढू लागले तसे ज्या धंद्याचा वास त्याला सोसवेना, तो धंदा त्याने या वेशीकडे ढकलला. कातडी कमावणारे आले, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या आल्या, आणि कामाच्या शोधात सोलापूर-साताऱ्यापासून तिरुनेलवेलीपर्यंतचे लोक आले. त्यांनी चिखलात भर घालून आपली घरे उभी केली. खाडी बुजत गेली, कोळ्यांची मासळी गेली. आणि मग नदीकाठच्या मोकळ्या जागेवर कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या. धारावीच्या माणसांनी मुंबईचे मडके घडवले, मुंबईची चप्पल शिवली, मुंबईचा पापड लाटला. मुंबईने त्यांना आपला केर दिला. हा व्यवहार कुणाला विचित्र वाटला नाही, कारण तो कुणी मुद्दाम ठरवून केलेला नव्हता. शहरातले पुष्कळसे अन्याय कुणीच न ठरवता होत असतात.

आता या रानाचे दुसरे मूळ सांगितले पाहिजे. ते खाडीत नसून भायखळ्याला आहे. कचऱ्यावर झाडे लावण्याची कल्पना सुचण्यासाठी आधी त्या शहरात झाडापाखरांकडे पाहण्याची सवय रुजलेली असावी लागते. ती सवय लावणारी संस्था मुंबईत १८८३ साली निघाली. त्या वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, सात-आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. जमलेल्यांत बहुतेक इंग्रज होते. परंतु दोन नावे आपली होती. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

ही दोन माणसे केवळ शोभेला बोलावलेली नव्हती. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठीला पहिले पद्धतशीर व्याकरण देणारे दादोबा पांडुरंग यांचे धाकटे बंधू. थोरल्या भावाने भाषेचे नियम शोधले, धाकटा सृष्टीचे नियम शोधणाऱ्यांत जाऊन बसला; एकाच घरातल्या या दोन ओढी पाहून माझ्यासारख्या मास्तराला मोठे कौतुक वाटते. सखाराम अर्जुन हे वैद्यकाबरोबर वनस्पतींचे जाणकार. पुढे डॉक्टर होऊन नाव काढलेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. बालविवाहाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलीच्या पाठीशी असलेला हा माणूस रानातल्या औषधींची यादीही करीत होता. सुधारणा आणि सृष्टिज्ञान या दोन गोष्टी तेव्हाच्या मंडळींना एकमेकींपासून फारशा दूर वाटत नव्हत्या.

या सोसायटीला सुरुवातीला स्वतःची जागा नव्हती. फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील दुकानाची एक खोली १८८४ साली तिला दिली. पुढे तिचा संसार अपोलो स्ट्रीटवर गेला, आणि तेथे १८९४ पासून १९२० पर्यंत विल्यम नावाचा एक थोरला धनेश पक्षी मुक्कामाला होता. म्हणजे कचेरीतल्या कित्येक कारकुनांपेक्षा त्याची नोकरी जास्त झाली! सोसायटीच्या चिन्हावर आजही धनेशच विराजमान आहे. कार्यालयात कामाला येणारी माणसे त्याला पाहण्यासाठी क्षणभर थांबत असतील, तर त्या धनेशालाच मुंबईतला पहिला निसर्गशिक्षक म्हणावयास हरकत नाही.

विनोद बाजूला ठेवला, तरी पाहुण्यांचा प्रश्न येथेच सुरू होतो. विद्वानांची मंडळी जमवणे सोपे. चार सामान्य माणसे, आणि विशेषतः मुले, आणणे कठीण. १९२३ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सृष्टिविज्ञानाचे दालन उघडले. तेथे येणाऱ्यांना, शाळेच्या मुलांना, समजावून सांगण्यासाठी एक व्याख्याता-मार्गदर्शक नेमावा असे ठरले, आणि १९२६ साली दरमहा साडेतीनशे रुपयांवर तीस वर्षांचा एक तरुण त्या जागी आला. त्याचे नाव सालिम अली. दोन वर्षांनी तो अधिक शिकण्यासाठी जर्मनीला गेला आणि १९३० साली परत येऊन पाहतो, तो ती जागाच रद्द झालेली. कारण? पैसे नाहीत! दालन राहिले, कपाटे राहिली, पेंढा भरलेले वाघ राहिले; त्यांच्याविषयी मुलांशी बोलणारा माणूस तेवढा गेला. संस्थेला काटकसर आठवली, की प्रथम बोलणाऱ्या माणसावर कुऱ्हाड पडते, हा अनुभव काही १९३० सालापुरता नाही.

नोकरी गेल्यामुळे सालिम अली अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. तो भाग प्रसिद्धच आहे. मला येथे सांगावयाचे ते एवढेच, की ज्याची मुलांना सृष्टी दाखवण्याची नोकरी पैशांअभावी गेली, त्याच माणसाच्या हातून पुढे त्रेपन्न वर्षांनी धारावीच्या उकिरड्यावर पहिले रोप लागले.

ते असे झाले. १९७७ च्या सुमारास येथे कचरा टाकणे बंद झाले. त्याच सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे नवे सरकारी खाते—त्याची स्थापना १९७५ सालची—नदीच्या पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुल वसवण्याच्या कामाला लागले होते. आज त्या संकुलातली जमीन देशातल्या सर्वांत महाग जमिनींत मोडते. एका काठावर काचेचे मनोरे उठायचे होते. दुसऱ्या काठावर कचऱ्याचा ढिगारा पडून होता. त्या ढिगाऱ्यावर रान उठवावे आणि शहरातल्या मुलांना ते शाळेसारखे वापरू द्यावे, ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मांडली. या शाखेचा जन्म १९६९ सालचा, आणि तोही मुंबईतलाच. प्राधिकरणाने कल्पना उचलली. १९८३ साली सालिम अलींनी तेथे रोप लावले तेव्हा ते सत्त्याऐंशीच्या घरात होते, आणि भायखळ्याला सुरू झालेल्या त्या सोसायटीला बरोबर शंभर वर्षे होत होती.

कचऱ्यावर झाड लावणे म्हणजे काय, हे ज्याने कुंडीपलीकडे बागकाम केलेले नाही त्याला चटकन कळणार नाही. कुजत्या भरावातून ऊब निघते, वायू निघतो. मुळांना हवा लागते, ती तेथे मिळत नाही. पावसात त्यातून काळे पाणी पाझरते. भराव मधूनच खचतो आणि लावलेले झाड तिरके होते. खाली खारट खाडी, वर प्लॅस्टिक आणि काचा. अशा जागी आधी बाहेरून माती आणून पसरावी लागते, मग काटक झाडे लावावी लागतात. ती पाने गाळतात, पानांचा पाचोळा होतो, पाचोळ्यात वाळवी, गांडुळे आणि अळंबी येतात, आणि हळूहळू नवी माती तयार होते. सावली झाली की पाखरे येतात. त्यांच्या पोटातून वड-पिंपळ-उंबराच्या बिया येतात. त्यांचे बियाणे कुणाला विकत आणावे लागत नाही. थोडक्यात, उकिरड्याने शेतात जे करायचे ते येथे उशिरा, पण केले. १९९१ साली या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि १९९४ साली तिचे दार लोकांसाठी उघडले. पहिल्या रोपापासून मोजले तर अकरा वर्षे झाली. म्हणीने बारा सांगितली होती. म्हणजे दैना एक वर्ष आधीच फिटली म्हणायची.

पण दार उघडले म्हणून माणसे येतात असे थोडेच आहे? येथे वाघ नाही, हत्ती नाही, झोपाळे नाहीत, भेळेच्या गाड्या नाहीत. शहरातल्या माणसाला बागेत जाऊन करमणूक हवी असते. भायखळ्याच्या राणीबागेचे उदाहरण घ्या. १८६२ साली ती उघडली ती वनस्पतींची बाग म्हणून. देशोदेशींची दुर्मिळ झाडे तिच्यात होती आणि आहेत. परंतु पिढ्यान् पिढ्या मुंबईची मुले तेथे गेली ती माकडे आणि अस्वले पाहायला. २०१६ साली तेथे पेंग्विन आले, २०१७ च्या मार्चमध्ये ते लोकांना दाखवू लागले, पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपयांचे झाले, तरी सुट्टीच्या दिवशी रांगा हटेनात. पेंग्विनकडे धावणारी ती गर्दी शेकडो वर्षांचे आयुष्य असलेल्या झाडांखालून जाते आणि मान वर करून पाहत नाही. झाडे वाचावीत म्हणून काही जागरूक नागरिकांना, त्यांतही स्त्रियांना, वर्षानुवर्षे झगडावे लागले. सांगायचे असे, की डोकी मोजणे आणि डोळे उघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

निसर्ग उद्यानाने दुसरा मार्ग धरला. दाखवायला काही नवल नाही, तर माणसाच्या हाताला काही काम द्यावे, हा तो मार्ग. प्रथम शाळा आल्या. वाटाड्याबरोबर रानातून फेरी, मग खुल्या रंगमंचावर बसून प्रश्नोत्तरे. त्यानंतर एकेक उपक्रम वाढत गेला. रोपवाटिकेतून स्वस्तात रोपे मिळू लागली आणि जूनमध्ये लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. औषधी वनस्पतींचा भाग झाला, तेव्हा आजीबाईंना नातवंडांपुढे आपले ज्ञान दाखवण्याची संधी मिळाली. नक्षत्रवन झाले, तेव्हा आपल्या जन्मनक्षत्राचा वृक्ष शोधीत पंचांगवाले आले. रोहिणीला जांभूळ आणि पुष्याला पिंपळ हे त्यांना पाठ होते, प्रत्यक्ष झाड मात्र पुष्कळांनी तेथेच प्रथम निरखून पाहिले. गांडूळखत कसे करावे, छपरावरचे पावसाचे पाणी कसे साठवावे, हे शिकण्यासाठी गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस आले. रविवारी सकाळी पाखरे आणि फुलपाखरे पाहण्याच्या फेऱ्या निघाल्या. ज्याला जे हवे, त्या वाटेने त्याला आत आणावे आणि बाहेर जाताना त्याच्या हाती आणखी काहीतरी द्यावे, असा हा संसार वाढला.

माझा या रानाशी संबंध आला तो मास्तर म्हणून. सातवीचा वर्ग घेऊन मी तेथे गेलो होतो. आत शिरताच पहिल्या पाच मिनिटांत एका मुलाने विचारले, “सर, इथं प्राणी कुठं आहेत?” मी काही बोलण्याआधीच बरोबरच्या वाटाड्याने त्याला खाली बसायला सांगितले आणि पाचोळ्याचा एक थर बाजूला केला. खाली मुंग्यांची रांग होती, एक गोम सर्रकन पळाली, आणि ओल्या काटकीवर बटणाएवढी पांढरी छत्री उगवलेली होती. मुले एकमेकांच्या खांद्यांवर वाकून पाहू लागली. पुढे कढीपत्त्याच्या झाडापाशी वाटाड्याने पानावरची एक अळी दाखवली. लहान असताना ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे कुणी तिला खात नाही. हीच पुढे काळे पांढऱ्या ठिपक्यांचे फुलपाखरू होते. एक मुलगी एकदम म्हणाली, “आमच्या कुंडीत पण हीच असते. आई रोज काढून टाकते.” सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती विचारात पडली होती.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. धारावीतच राहणारी, शिवणकाम करणारी बाई. मला वाटले, काही तक्रार असेल. ती म्हणाली, “पोरगी कढीपत्त्याला हात लावू देईना. म्हणती, दोन फांद्या तिच्या. मग मी पण बघत राहिले. मंगळवारी उडालं.” जरा थांबून तिने विचारले, “सर, तिथं आत जायला आम्हांला परवानगी लागते का?” ती बाई पंधरा वर्षे त्या रस्त्यावरून जात-येत होती. भिंतीपलीकडे झाडे आहेत हे तिला ठाऊक होते. पण ती जागा आपल्यासाठी असेल असे तिच्या मनात आले नव्हते. मोठे फाटक, पहारेकरी, पाटी असली की धारावीतले माणूस गृहीत धरते, की ही दुसऱ्या कुणाची तरी जागा आहे. आयुष्याने त्याला तेच शिकवलेले असते.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली. अशा उद्यानाला किती लोक येतात हे विचारावे, पण त्यांतले किती जण रस्ता ओलांडून येतात हे अधिक अगत्याने विचारावे. दादर-पार्ल्याहून मोटारीने येणारा माणूस येईलच. त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते. ज्याच्या दाराशी एके काळी साऱ्या शहराचा कचरा टाकला, त्याला या सावलीवर पहिला हक्क आहे. त्याची मुले तेथे आली, त्याच्या बायकोने तेथून तुळशीचे रोप नेले, म्हणजे जुन्या व्यवहाराची थोडीशी फेड झाली.

यावर कुणी म्हणेल, की मग लाखो लोक येऊ द्या, दारे सताड उघडा. येथे जपून पाऊल टाकले पाहिजे. सदतीस एकर म्हणजे काही फार मोठी जागा नव्हे. पावलांनी माती दबते, दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, रोपे उगवत नाहीत. कलकलाटाने पाखरे घरटी सोडतात. नदीकाठच्या तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात, ती तुडवली गेली तर झाड गुदमरते. म्हणून रानाचा पाहुणचार थोडका आणि वारंवार असावा. एका दिवशी दहा हजार माणसे येऊन गेली तर उत्सव होतो. तीच दहा हजार वर्षभर चाळीस-चाळीसच्या टोळ्यांनी आली आणि प्रत्येक टोळीबरोबर एक बोलणारा माणूस असला, तर शाळा होते. यासाठी वाटाडे हवेत, त्यांना पगार हवा, आणि पैसे कमी पडले की प्रथम त्यांनाच घरी पाठवायचे नाही, एवढे शहाणपण हवे. १९३० सालची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

आणि तरीही माणसे आलीच पाहिजेत, कारण या रानाला तटबंदी आहे ती तेवढीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी घराघरांत शिरली, आणि नदीला आपण किती आवळले होते ते साऱ्या शहराला कळले. नदीकाठची मोकळी माती आणि तिवरे म्हणजे पुराच्या पाण्याला बसायला दिलेला पाट आहे, हे त्या दिवसापासून कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण समजलेले लक्षात राहते असे नाही. धारावीच्या पुनर्विकासाचा मोठा घाट घातला गेला, तेव्हा हे उद्यानही त्यात ओढले जाणार की काय अशी धास्ती निर्माण झाली. २०२३ साली प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि उद्यान या प्रकल्पात धरलेले नाही असे प्रकल्पाच्या बाजूने न्यायालयात सांगण्यात आले. ऐकून बरे वाटले. पण ज्या जमिनीच्या एका अंगाला काचेचे मनोरे आणि दुसऱ्या अंगाला घरांसाठी आसुसलेली लाखो माणसे आहेत, तिच्याकडे पुन्हा कुणाची नजर जाणार नाही असे कोण म्हणेल?

धारावीच्या माणसाला घर हवे, त्यात चुकीचे काही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, त्यांना झाडांवर प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. परंतु घर आणि रान यांत निवड करायला त्यालाच का सांगावे? शहरातल्या बाकीच्यांना कधी कुणी असे सांगितले? मलबार हिलला टेकडीवरची बाग आणि समुद्राचा वारा दोन्ही मिळाले. धारावीला घरही मिळावे आणि रानही राहावे, एवढे मागणे जास्त नाही. आणि हे मागणे कुणी पुढारी करून चालणार नाही. ज्यांच्या पोरांनी तेथे अळीचे फुलपाखरू झालेले पाहिले, त्यांनी ते केले तर त्याला वजन येईल. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन यांना हेच म्हणायचे असेल असे मला वाटते. सृष्टीचे ज्ञान चार शहाण्यांच्या कपाटात राहिले तर त्याने काहीच वाचत नाही. ते चाळीतल्या कुंडीपर्यंत पोचले, की त्याला पाय फुटतात.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे घरी आलेली असतील. पाऊस सरलेला, पाचोळा अजून ओला, उन्हाला हळदीचा रंग आणि उत्तरेकडून पाखरे येऊ लागलेली, असे हे दिवस. फराळाचा डबा घरी ठेवून एखाद्या सकाळी शीव स्टेशनवर उतरा. बसवाहकाला धारावी आगार सांगा. दारात गडबड करू नका, आत हळू बोला, आणि पोरांनी प्राणी कुठे आहेत असे विचारले, तर त्यांना खाली बसायला सांगा. परत येताना एक रोप आणा. कढीपत्त्याचे आणलेत तर उत्तम. दोन फांद्या मात्र त्यांच्या वाटच्या ठेवा.